मुरूडचं सुट्टीचं घर राहतं घर करायचं आहे, आधी काय बदलू?

लक्ष्मीनगरवाली (नागपूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

दापोलीजवळ मुरूडला आमचं एक छोटं घर आहे. (जंजिऱ्याचं मुरूड नव्हे. हर्णैच्या शेजारचं, महर्षी कर्व्यांचं बालपण गेलं ते.) सासरे मूळचे तिथले. नोकरीसाठी १९७१ मध्ये नागपूरला आले ते इथलेच होऊन गेले. रिटायर झाल्यावर वाटणीत आलेल्या वाडीच्या तुकड्यावर त्यांनी २००३ साली हे घर बांधलं. पुढे पडवी, मग दोन खोल्या, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, त्यावर स्लॅब. पडवीतून समुद्र दिसत नाही, पण रात्रभर ऐकू येतो.

बावीस वर्षं आमचं जाणं ठरलेलं: मे महिन्यात दहा दिवस आणि दिवाळीनंतर चार. तिथला जून आम्ही एकदाही पाहिलेला नाही. पहिला ढग दिसला की कुलूप लावायचं आणि खेड स्टेशन गाठायचं.

२०२३ मध्ये सासरे गेले. अहोंचं काम आता कायमचं घरून झालंय. मुलगी यंदा आठवीत जाईल. या उन्हाळ्यात तिकडेच राहायला जायचं, असं दिवाळीत ठरलं. म्हणजे दोघांनी ठरवलं, मुलीने उड्या मारल्या, आणि सासूबाई काही बोलल्या नाहीत.

आता अडलं कुठे ते सांगते. दिवाळीत मी तिथल्या स्वयंपाकघरात भाजी चिरायला सुरी शोधत होते. ड्रॉवरमध्ये सोळा चमचे, तीन चिमटे, बाटली उघडायच्या दोन वस्तू, आणि सुरी एकच, ती पण टोक मोडलेली. मग मी सहज एकेक वस्तू बघत गेले. एकाच स्पीडवर चालणारा मिक्सर. कान तुटलेली कढई. २००९ च्या वास्तुशांतीत आलेला, कुणालाच न आवडलेला कपबशांचा सेट. बसलं की पाठ धरणारा सोफा कम बेड. सगळ्या नागपूरच्या घरात नकोशा झालेल्या वस्तू. दरवर्षी गाडीत जागा उरली की "हे मुरूडला टाकून देऊ" म्हणत आम्हीच नेलेल्या. दहा दिवस त्याची मजा वाटते. पण तिथेच राहायचं तर? मी ती सुरी हातात घेऊन बराच वेळ उभी होते.

तर प्रश्न असे. नागपूरहून काय न्यायचं आणि काय नाही? आम्ही दर एप्रिलमध्ये दोन क्विंटल गहू आणि वर्षाची तूरडाळ भरून ठेवतो, तसं तिथे चालेल का? कूलर नेऊ का? न्हाणीघराच्या स्लॅबला आतून तपकिरी रेघ दिसून राहिली आहे, ते कितपत गंभीर?

आणि सासूबाई. त्यांचं माहेर नागपूरच्या महाल भागातलं, वय ७४. मंगळवारचं भजन, टेकडीचा गणपती, समोरच्या काकूंशी संध्याकाळी गॅलरीतून गप्पा, सगळं इथे. परवा मी विचारलंच, तर म्हणाल्या, "मी त्या गावाला पन्नास वर्षं पाहुणी म्हणून गेले. आता काय म्हणून जाऊ?" मला उत्तर सुचलं नाही.

---

तर्री_जास्त_पोहे_कमी

ताई, राग नका मानू, पण ट्रक सांगायच्या आधी जुलैत पंधरा दिवस तिथे राहून पाहा. नागपुरात वर्षभरात जेवढा पाऊस पडते ना, तेवढा तिकडे एकट्या जुलैत पडून जाते. माझा साळा चिपळूणला राहते. २०२१ च्या जुलैत मी त्याच्याकडेच होतो, २२ तारखेच्या पुरात. पुराचं सोडून द्या, तो रोज येत नाही. पण त्याच्या आधीचे आठ दिवस माझा एक टॉवेल वाळला नव्हता. आठ दिवस तोच टॉवेल! मी तर परत आल्यावर लक्ष्मीभुवन चौकात उभं राहून नुसतं ऊन खाल्लं.

मे महिन्यातलं कोकण पाहून घर हलवणं म्हणजे लग्नाच्या अल्बमवरून नवरदेव पसंत करणं.

---

हर्णैची_काकू

लक्ष्मीनगरवाली, तुझी सुरी वाचून हसू आलं, कारण ती माझ्याही ड्रॉवरमध्ये होती. तुझ्याहून मोठी असेन म्हणून अगंतुगं करते.

आम्ही खामल्याहून २०१९ च्या नोव्हेंबरात हर्णैच्या बाजूला राहायला गेलो. आमचंही सुट्टीचंच घर होतं. सध्या भाचीच्या लग्नासाठी नागपूरला आलेय, महालात भावाकडे बसून लिहितेय. मेंदीवाल्या बायका येईपर्यंत जेवढं होईल तेवढं.

सामानाचं आधी. आजीचं एक कपाट आहे माझ्याकडे, बल्लारशाच्या सागवानाचं. सगळे म्हणाले, समुद्राकाठी नेऊन त्याची माती करू नकोस. नेलं. इतके पावसाळे झाले, त्याला काही झालेलं नाही. जुलैत दार जरा घट्ट बसतं, एवढंच. पण त्याच्या आदल्या वर्षी घेतलेलं, भुशाच्या फळ्यांचं गुळगुळीत वॉर्डरोब पण नेलं होतं. ऑगस्टपर्यंत त्याचा तळ चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगला. ड्रॉवर अडकले ते दिवाळीपर्यंत उघडले नाहीत आणि माझ्या चार साड्या आत. लोखंडी कपाट न्यायचं असेल तर चिऱ्याच्या तुकड्यांवर उचलून ठेव आणि भिंतीपासून वीतभर पुढे. फ्रिज समुद्राकडच्या भिंतीला नको. मिक्सर, कढई, सुरी तुझी चांगली तीच ने, आणि तिथलं ते सगळं भंगारात दे. दोन दोन संच ठेवू नकोस. "चांगलं नागपूरला, चालेल ते मुरूडला" असं जोवर आहे तोवर तुझा जीव नागपूरच्या स्वयंपाकघरातच राहील.

कूलर: नको. मी सवयीने नेला होता. आपल्याकडे ४५ डिग्रीला तो देव असतो, कारण हवा कोरडी. तिथे मे महिन्यात पारा पस्तिशीच्या आतबाहेर, पण हवाच इतकी ओली की पाणी उडतच नाही. खोलीत नुसती वाफ. पंखे चांगले लाव, माळ्याला खिडकी ठेव. आमच्या कूलरच्या पेटीत आता मांजर वितं, दरवर्षी.

गहू. हे जरा सविस्तर सांगते, कारण माझं नुकसान झालंय. मी पण दोन क्विंटल नेला होता. एरंडेल लावलेला, आपल्या एप्रिलच्या उन्हात कडकडीत वाळवलेला, कोठीत भरून, वर कडुनिंबाचा पाला. माझ्या आईने चाळीस वर्षं असाच भरला, एक दाणा गेला नाही. जुलैच्या शेवटी कोठीत हात घातला तर गहू कोमट लागला. बाहेर पाऊस, घरात गारठा, आणि कोठीच्या आत उबदार. मूठ बाहेर काढली, तळहातावर सोंडे चालत होते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, इकडे वर्षाचं कोण भरतं? इकडे आगोट भरतात." आगोट म्हणजे पावसाळ्यापुरती बेगमी: तांदूळ, मीठ, कांदे, मिरची, सुकी मासळी, कोरडी लाकडं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून सुकटीला भाव. आता मी गहू दहा दहा किलो आणते. डाळ मात्र नागपूरचीच, पाच किलोच्या घट्ट झाकणाच्या डब्यांतून. आणि भाकरी तांदळाची शिकून घे, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

विहिरीचं तू विचारलं नाहीस, पण सांगते, कारण तुम्ही आजवर दहा दिवसांपुरतंच पाणी उपसलंय. आम्ही गेल्या गेल्या दोन एचपीची मोटर बसवली आणि पुढे हिरवळ लावली. हो, हिरवळ. समुद्राकाठी. पहिल्याच उन्हाळ्यात पाणी मचूळ झालं, चहा फाटायला लागला. तिथे जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरून ओढाल त्याच्या कितीतरी पट खारं खालून वर चढतं. शेजारचे अप्पा म्हणाले, "बावडी दमवू नका." आता अर्ध्या एचपीची मोटर, सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा. हिरवळ गेली, तिथे अळू आहे.

आता तुझा मुख्य प्रश्न.

पहिले सात महिने गावातलं कुणीही भेटलं की एकच विचारायचं: "कधी आलात? किती दिवस?" वाणी, नारळ काढणारा पाडेली, देवळातले गुरव, सगळे. मी सांगायची, कायमचं आलोय. ते मान हलवायचे आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. त्यांचं चूक नव्हतं. वीस वर्षं आम्ही दहा दिवसांचेच होतो.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. ते किनाऱ्यावर चढलं दिवेआगरला, आमच्या उत्तरेला. पण झोडपलं दापोली-मंडणगडलाही. सकाळी वारा सुरू झाला तेव्हा मी पडवीतले कपडे आत घेत होते, इतकी मी नवखी. अकराच्या पुढे कौलं उडायला लागली. आवाज कसा, तर कुणीतरी ओळीने थाळ्या आपटत यावं तसा. आम्ही तिघं आणि शेजारचे पाच जण मागच्या स्लॅबखाली, न्हाणीघरात बादल्यांवर बसून होतो. वाडीतले नऊ माड पडले. पोफळी मोजल्याच नाहीत, काड्यांसारख्या मध्येच मोडून उभ्या होत्या. सुपारीचं झाड लावल्यावर धरायला सहा-सात वर्षं घेतं. अप्पा दुसऱ्या दिवशी वाडीत गेले आणि काही न बोलता परत येऊन पडवीत बसले.

लाईट अठ्ठावीस दिवसांनी आली. कोरोनाचे दिवस, मजूर नाहीत, कौलं मिळेनात, ताडपत्रीला सोन्याचा भाव. आणि पंचनामे सुरू झाले. प्रत्येक घराला अर्ज हवा: आठ अ, घरपट्टीची पावती, पासबुकाची झेरॉक्स, नुकसानीची यादी. गावात निम्मी घरं म्हाताऱ्यांची, मुलं मुंबईत अडकलेली. मी नागपूरला एका ऑफिसात एकोणीस वर्षं हिशेब खात्यात होते. अर्ज हा माझा विषय. अप्पांचा लिहिला, मग त्यांच्या भावाचा, मग पडवीत रांगच लागली. सदतीस अर्ज लिहिले. कार्बन पेपर संपला तेव्हा गुरवांनी देवळाच्या पावतीपुस्तकातला आणून दिला. कुणाची फणसाची झाडं किती, कुणाचा गोठा केवढा, कुणाच्या घरपट्टीवर अजून मेलेल्या आजोबांचं नाव, मला सगळं पाठ झालं. त्यानंतर "किती दिवस?" कुणी विचारलेलं मला आठवत नाही. कधी थांबलं तेही कळलं नाही.

वादळाची वाट बघ असं म्हणत नाहीये, तेवढं समजून घे.

आणि घरातली गोष्ट वेगळीच. सर्वांत चांगली खोली, समुद्राच्या बाजूची, आमच्याकडे "पाहुण्यांची" होती. आम्ही स्वतः मधल्या अंधाऱ्या खोलीत झोपायचो, राहायला गेल्यावरसुद्धा! पहिल्याच मे महिन्यात येणार म्हणून नागपूरहून अकरा जणांनी फोन केले होते. लॉकडाऊनने वाचवलं. २०२२ ला मात्र सगळे आले. माझ्या चुलत जावेकडे घराची एक किल्ली होती, सुट्टीच्या काळातली. ती न कळवता मैत्रिणींना घेऊन हजर! मी त्या वेळी दापोलीला दाताच्या डॉक्टरकडे. घरी आले तर माझ्या ओट्यावर त्यांची मॅगी शिजतेय, आणि मलाच विचारतात, "अरे, तुम्ही पण आलात?"

त्या पावसाळ्यात आम्ही पलंग उचलून त्या खोलीत नेला. ह्यांचं टेबल, माझं शिलाईचं मशीन, औषधांचा डबा, गॅसची पावती खुपसायचा खिळा, सगळं तिथे. पाहुण्यांना मधली खोली. कुलूप बदललं. जाऊ दोन वर्षं बोलत नव्हती, आता बोलते. परवा मेंदीसाठी तिनेच मला गाडीत आणलं.

तुझ्या घरात मे महिन्यातल्या रविवारच्या दृष्टीने काय काय मांडलंय ते एकदा बघ. मग जुलैतला एखादा मंगळवार डोळ्यासमोर आण: मुलीचा डबा, ओले बूट, लाईट गेलेली, आणि ऑफिसचा कॉल चालू. बूट कुठे वाळणार? आमच्याकडे चुलीच्या वर बांबूची मांडणी केली, तिथे वाळतात. न्हाणीघरातली चूल पाडू नकोस. धुराने वासे टिकतात असं तिकडचे लोक सांगतात, आणि मला तरी ते पटलंय.

सासूबाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या सासूबाई पहिलं वर्ष पडवीत बसून रस्ता बघायच्या. वादळानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी अप्पांच्या मुलाला सांगून परसात एक वाफा खणून घेतला आणि सांबार पेरला. वहिनींना कळेना. सांबार पेरतात कसा? मग उगवल्यावर लक्षात आलं, कोथिंबीर! त्याच्या त्यांनी पुडाच्या वड्या केल्या, साठ-सत्तर, भरपूर खसखस घालून, आणि ताट झाकून स्वतः चार घरी गेल्या. त्या गावात त्या पहिल्यांदाच स्वतःहून कुणाच्या पायऱ्या चढल्या. वड्या काहींना तिखट लागल्या. २०२३ ला त्या गेल्या, तिथेच.

आल्या वाटतं मेंदीवाल्या.

---

चुना_आणि_वाळू

ताई, मी सिव्हिलवाला आहे, प्रतापनगरला असतो. कोकणात पाच-सहा कामं केली आहेत. काकूंनी घराचं छान सांगितलं, मी स्लॅबचं सांगतो.

तपकिरी रेघ म्हणजे आतली सळई गंजायला लागली. खाऱ्या हवेतला क्षार काँक्रीटमध्ये मुरतो, सळईला गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो. म्हणून आधी रेघ, मग तडा, मग खपली पडते. छोटी हातोडी घ्या आणि रेघेच्या आजूबाजूला ठोकून पाहा. टणटणीत वाजलं तर बरं. बद्द वाजलं तर तिथलं काँक्रीट सुटलंय. तेवढं फोडून, सळई चकचकीत होईपर्यंत घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने भरायचं. वरून नुसतं प्लॅस्टर थापणारे खूप भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा. आणि हे काम मार्चमध्येच करून घ्या. मेमध्ये तिकडचा प्रत्येक गवंडी कौलं परतायच्या कामात असतो, तुम्हाला कुणी मिळणार नाही. वाळू कुठून आणली हेही विचारा. किनाऱ्यावरची वाळू वापरली तर पुन्हा तेच दुखणं.

चिऱ्याच्या भिंतींना बाहेरून प्लास्टिकसारखा चकचकीत रंग लावू नका. चिरा पाणी पितो आणि सोडतो. सोडायची वाट बंद केली की ओल आतल्या बाजूला फुटते. चुना लावा, दर दोन वर्षांनी परत लावा. बिजागऱ्या पितळी, नळ-स्क्रू स्टीलचे घेणार असाल तर ३१६ नंबरचं मागा. आपल्या इतवारीत मिळतं ते साधं ३०४ तिकडे वर्षभरात चहाच्या डागांसारखं होतं.

कागदांचं सर्वांत महत्त्वाचं. सासरे गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद झाली का? घरपट्टी कुणाच्या नावावर? घराखालची जागा बिनशेती आहे का? हे आधी. मुक्काम हलवायचा म्हणजे पुढेमागे एक खोली वाढवावीशी वाटणारच, आणि तिथे सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, येतं. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर जिथे लोकवस्ती चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त, तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि कमी असेल तिथे २०० मीटर नाविकास क्षेत्र. अधिकृत घराची दुरुस्ती, आहे त्या जोत्यात, करता येते. जोत्याबाहेर गेलात की अडचण. तुमचं घर भरतीरेषेपासून नेमकं किती, ते नकाशावर पाहून घ्या. "शेजाऱ्याने बांधलंय की" हे कुणी ऐकत नाही.

---

परत_आलेला

एक उलटी बाजू पण वाचून घ्या. आम्ही २०२१ मध्ये गुहागरच्या बाजूला गेलो बी, अन् २०२३ मध्ये त्रिमूर्तीनगरात परत आलो बी.

समुद्राचं काही वाईट नाही. बाबांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, जायला दीड तास, यायला दीड तास, त्यात चार तास मशीनवर. पावसात घाटात झाड पडलं की गाडीतच बसून राहा. एकदा असे अडकलो तर बाबा म्हणाले, "अरे, मी समुद्र पाहायले आलो होतो, अन् पाहून राहिलो नुसता डांबर." दुसऱ्या दिवशी मी सामान बांधायला घेतलं.

म्हणून लक्ष्मीनगरचा फ्लॅट विकू नका. भाड्यानं द्या, अकरा-अकरा महिन्यांच्या करारानं. अन् सासूबाईंच्या सगळ्या तपासण्या निघायच्या आधी इथंच करून घ्या, डोळे-दातांसकट. आम्ही फ्लॅट ठेवला होता म्हणून परत यायला दार होतं.

---

आठवी_ब

शाळेचं कुणीच लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. बदलायची तर आठवीलाच बदला. सीबीएसई असेल तर नववीत बोर्डाची नोंदणी होते, त्यानंतर शाळा किंवा बोर्ड बदलणं फार किचकट. दाखल्यावरचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, ते इथून निघण्याआधी पाहून घ्या. आमच्याकडे एका वेलांटीसाठी मी दोनदा परत आले होते.

येण्याजाण्याचं म्हणाल तर नागपूर-मडगाव गाडी चालू असेल तर खेडला उतरता येतं, तिथून दापोली तीसेक किलोमीटर. गाडीने गेलात तर समृद्धीवर ७०१ किलोमीटर झोप येते आणि पुढे घाटात ती उडते.

---

लक्ष्मीनगरवाली (नागपूर)

सगळ्यांचे आभार. उत्तरं दोनदा वाचली, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने, सासूबाईंसमोर.

आतापर्यंत ठरलेलं असं. अहो पुढच्या आठवड्यात एकटे जाऊन स्लॅब ठोकून बघणार. हातोडी बॅगेत ठेवली आहे, मी आठवण करून दिली तर म्हणाले, तुझी ती सुरीपण येताना घेऊन येतो, फ्रेम करू. वारसनोंद झालेली नाही. सासरे गेल्यावर ते राहूनच गेलं, त्यासाठी अहोंच्या बहिणींशी बोलावं लागेल आणि तो एक वेगळाच धागा होईल. फ्लॅट विकणार नाही. मुलीच्या शाळेसाठी दापोलीला चौकशी चालू आहे.

आमच्याकडे पण "पाहुण्यांची खोली" समुद्राच्या बाजूचीच आहे हो काकू! बावीस वर्षं आम्ही तिथे फक्त गाद्या रचून ठेवल्या. ती खोली आईंना द्यायची, असं मी आणि मुलगी बोलत होतो. आई ऐकत होत्या, काही बोलल्या नाहीत. परत_आलेला दादांचं डांबराचं वाक्य ऐकून मात्र "बरोबर बोलला तो म्हातारा" म्हणाल्या. बीपी, साखर, डोळे सगळं तपासून घ्यायला स्वतःहून तयार झाल्या आहेत.

जुलैत पंधरा दिवस राहून पाहायचं होतं, पण शाळा जूनला सुरू होते, तेव्हा आमचा पहिला जुलै सरळ सामानासकटच होणार. टॉवेल जास्त नेते.

काल रात्री झोपायच्या आधी आईंनी दारातून विचारलं, "त्या बाईला विचार, सांबार तिथे कोणत्या महिन्यात टाकायचा."

---

हर्णैची_काकू

दिवाळी झाली की. धणे रगडून दोन करायचे आणि रात्रभर भिजवायचे. वाफ्यावर कोंबड्या येतात, जाळी लागेल. ती माझ्याकडे आहे.